हिप स्पायकातल्या बाळासाठी डायपर आणि बीन बॅग: काय घ्यावं, काय टाळावं

मांडीचं हाड मोडलं किंवा खुबा जागेवर बसवला, की दीड-दोन वर्षांच्या मुलाला छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात, त्यालाच हिप स्पायका म्हणतात. फ्रॅक्चरला साधारण 4 ते 8 आठवडे, खुब्यासाठी बहुधा 12 आठवडे, मध्ये एकदा बदलून. या काळात सगळ्यात जास्त त्रास देते ती प्लास्टरमध्ये झिरपणारी शू. म्हणून पहिला खर्च डायपरवर करावा.

दुकानात सहज मिळतात ते पँट डायपर. फाकवलेल्या पायांवरून ते चढतच नाहीत. हवेत टेपचे, तेही दोन मापांत. आतला न्यूबॉर्न किंवा एस, बाहेरचा एक्सएल. प्लास्टर फारच रुंद असेल तर मोठ्यांचा स्मॉल. मोठ्या मापात टेपचे डायपर दुकानात क्वचितच सापडतात, त्यामुळे प्लास्टरची तारीख आधी ठरली असेल तर मागवून ठेवा. अगदीच अडलं तर पँट डायपरच्या बाजूच्या शिवणी फाडून तो आत वापरता येतो. बाहेरून बांधायला मात्र टेपच लागतात.

आतल्या डायपरच्या टेप चिकटवायच्या नाहीत, मागे दुमडून टाकायच्या. मूल पाठीवर असताना पुढचा भाग सपाट बोटांनी पोटाकडे सरकवा, मग कुशीवर वळवून मागचा. चारही कडा प्लास्टरच्या आत गेल्या पाहिजेत. एक कड जरी बाहेर डोकावली तरी ओल तिथूनच पसरते, आणि भिजलेलं अस्तर लवकर सुकत नाही. चुरगळलेला डायपर कोंबू नका, त्याच्या घड्या त्वचेला रुततात. मग वरून मोठा डायपर प्लास्टरवर घट्ट बांधा. आतला जागेवर राहतो तो त्याच्यामुळेच. दिवसा दर 2 तासांनी, रात्री 3 ते 4 तासांनी बदला आणि शी झाल्यावर लगेच. डोक्याची बाजू कायम थोडी उंच हवी, नाहीतर शू पाठीकडे वाहते. पावडर, तेल, क्रीम आत अजिबात नको. ओल राहिलीच तर हेअर ड्रायर फक्त थंड हवेवर.

प्लास्टरच्या कडांना लावायची चिकटपट्टी वॉटरप्रूफच घ्या. कागदी सर्जिकल टेप ओली झाली की सुटते. 8 ते 10 सेंमीचे तुकडे, अर्धे आत, अर्धे बाहेर, एकावर एक थोडे चढवत. घरी जाण्याआधी वॉर्डातच लावून मिळाली तर उत्तम.

बीन बॅग घ्याच. जेवताना आणि खेळताना तिच्याइतकी सोय दुसऱ्या कशाने होत नाही. दोन तृतीयांशच भरा, म्हणजे मूल खड्ड्यात नीट बसतं; गच्च भरलेलीवरून घसरतं. पालथं खेळवायचं तर ती छातीखाली घ्या, खेळणी समोर जमिनीवर मांडा आणि पायाची बोटं टेकू देऊ नका. चेन मुलाला उघडता येणार नाही अशीच हवी, कारण थर्माकोलचे दाणे नाकात, घशात जाऊ शकतात. झोपवायला मात्र ही वापरू नका. तोंड कापडात रुतलं तर या मुलाला वळताही येत नाही. कुणीतरी शेजारी असलंच पाहिजे.

चळवळ्या मुलाच्या बाबतीत आणखी एक: पोळीचे तुकडे, मणी, नाणी छातीच्या कडेतून आत जातात आणि त्वचेला जखम करतात. जेवताना तिथे पातळ दुपटं खोचा. खाज सुटली म्हणून पट्टी किंवा विणकामाची सुई आत घालू नका. प्लास्टरच्या दोन पायांना जोडणाऱ्या काठीला धरून उचलू नका, प्लास्टर तडकतं. एक हात पाठीखाली, एक ढुंगणाखाली. दर 2 ते 4 तासांनी कूस बदला, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली टॉवेलची गुंडाळी द्या. पोट आवळलेलं असतं, म्हणून थोडं थोडं आणि वारंवार भरवा.

पायाच्या बोटाचं नख दाबून सोडल्यावर 2 सेकंदांत गुलाबी रंग परतायला हवा. बोटं निळी, गार किंवा सुजलेली असली, हलत नसली, आतून कुजका वास आला, ताप आला, उलट्या थांबत नसल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.