दोदोलशेजारी नेवरी नको: नाताळच्या मिश्र डब्याचं परीक्षण

डिसेंबर अर्धा सरला की म्हापसा, मडगाव, वांद्रे, वसई इथल्या बेकऱ्यांत आणि घरगुती ऑर्डर घेणाऱ्यांकडे नाताळचे मिश्र डबे दिसायला लागतात. अर्धा किंवा एक किलोचा डबा, वर पारदर्शक झाकण. आत चार-पाच नेवऱ्या, मूठभर कलकल, काळ्या गुळाचा दोदोल, दोस आणि पेरूच्या पेरादच्या वड्या, थराथरांच्या बेबिंका केकचा एक तुकडा. गोव्यात घरोघरी वाटायच्या या गोडधोडाला कोन्सोआद म्हणतात, मंगळूरकडे कुस्वार.

ज्या घरात दिवाळीचा फराळ होतो त्या घराला हा डबा परका वाटत नाही. नेवरी ही करंजीच, कलकल शंकरपाळ्याच्या जातीचं आणि दोस म्हणजे पुरणाची वडी. फरक आहे तो पायातच. आपला फराळ सुकं खोबरं, तूप आणि पिठीसाखर यांवर उभा असतो, तर नाताळचा फराळ ओला नारळ, नारळाचं दूध आणि अंडं यांवर. त्यामुळे फराळाचे डबे ज्या हिशेबाने भरतो आणि टिकवतो, तो हिशेब इथे चालत नाही.

म्हणून निवाडा आधीच सांगून टाकतो. पदार्थ अव्वल आहेत, पण मिश्र डबा घेऊ नये. दोदोल आणि बेबिंका ओलसर, नेवरी आणि कलकल कोरडे. एका झाकणाखाली ठेवले की ओल कोरड्याकडे सरकते. दुसऱ्या दिवशी नेवरीची पारी मऊ पडते, कलकलावरची साखर पाझरून चिकट होते. चकली आणि बेसनाचे लाडू एका डब्यात कुणी भरत नाही. इथे मात्र डबा छान दिसावा म्हणून नेमकं तेच केलं जातं. मध्ये कागदी कप घातले तरी हवा एकच असते, त्यांचा उपयोग होत नाही. पदार्थ सुटे, वजनावर घ्या. कोरडे एका डब्यात, ओले दुसऱ्यात. त्याच पैशात चार दिवस जास्त मिळतात.

आता एकेक पदार्थ.

बेबिंका सगळ्यात महाग, आणि ते रास्तच आहे. साधारण प्रमाण असं: दहा अंड्यांचे पिवळे बलक, अर्धा किलो साखर, पाव किलो मैदा, दोन-तीन नारळांचं दाट दूध, जायफळ आणि भरपूर तूप. मिश्रण एकदम ओतत नाहीत. तूप लावलेल्या भांड्यात एक पातळ थर घालायचा, वरून आच देऊन तो तांबूस करायचा, त्यावर चमचाभर तूप आणि मग पुढचा थर. जुन्या पद्धतीत झाकणावर करवंट्या-सोडणांचे निखारे ठेवतात, ओव्हनमध्ये फक्त वरची कॉइल चालू ठेवतात. सात थर ही नेहमीची संख्या, सोळा थरांची बेबिंका म्हणजे मिरवायची. प्रत्येक थराला दहा-पंधरा मिनिटं धरली तरी सोळा थरांना तीन-चार तास त्यातच जातात.

घाई झाली की ती लगेच दिसते. तुकडा आडवा धरून कड बघा. गडद आणि फिकट पट्टे स्पष्ट दिसले पाहिजेत. सगळी कड एकाच पिवळट रंगाची असेल तर थर नीट भाजलेले नाहीत. काट्याने वरचा थर उचलून पाहा. तो सुटा निघायला हवा. चिकटून लगदा आला तर थरांमध्ये तूप कमी पडलंय, किंवा खालचा थर कच्चा असतानाच पुढचा ओतलाय. दाणेदार लागली तर साखर नीट विरघळलेली नव्हती. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसला तर साजूक तुपाऐवजी वनस्पती तूप वापरलंय. गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्याने दुकानातला प्रत्येक तुकडा आपोआप चांगला होत नाही. एक मात्र सांभाळा: फ्रीजमधून काढलेल्या थंड बेबिंकावरून मत बनवू नका. तूप गोठलेलं असतं आणि ती रबरासारखी लागते. मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद, किंवा तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा. जायफळाचा वास तेव्हाच सुटतो.

दोदोल दिसायला साधा आहे, पण पारख इथेच होते. तांदळाचं पीठ, त्याच्या दुपटीच्या आसपास माडाचा काळा गूळ, नारळाचं दूध, काजूचे तुकडे. तूप घालावं लागत नाही, कारण ढवळता ढवळता नारळाचंच तेल सुटतं आणि गोळा भांडं सोडू लागतो. हे व्हायला दोन-तीन तास हात थांबवता येत नाही. चांगल्या दोदोलाचा रंग जवळजवळ काळा असतो, अंगावर तेलाची चमक असते, सुरीला चिकटत नाही आणि गुळाला धुराचा हलका वास येतो. फिकट चॉकलेटी रंग आणि नुसता गोडवा असेल तर माडाच्या गुळात साखर किंवा उसाचा गूळ मिसळलाय. दातांना चिकटत असेल तर लवकर उतरवलाय, आणि असा दोदोल आधी आंबतो. दुकानदाराला विचारावा असा एकच प्रश्न आहे: गूळ माडाचा का? जो बनवतो तो लगेच सांगतो.

नेवरीला दिवाळीच्या करंजीच्या शेजारी बसवलं की दोन्हींचे गुण कळतात. करंजीच्या सारणात भाजलेलं सुकं खोबरं, रवा आणि खसखस असते, म्हणून ती पंधरा दिवस सहज राहते. नाताळच्या नेवरीत बहुतेक ठिकाणी ओला नारळ साखरेवर परततात, त्यात रवा, काजू, बेदाणे, वेलची. चव जास्त भरीव, पण आयुष्य कमी. नारळ अगदी कोरडा होईपर्यंत परतला असेल तर आठवडा, नाहीतर तीन-चार दिवसांत खवट वास येतो. विकत घेताना एक नेवरी मोडून सारण बोटांनी दाबा. बोटांना ओल लागली तर त्याच दिवशी संपवण्याइतक्याच घ्या. नेवरी हलवल्यावर सारण खुळखुळत असेल तर भरताना कंजूषी झालीय. कडेला कातण फिरवलेली नेवरी वेगाने होते, हाताने मुरड घातलेली तळताना क्वचितच उघडते. मुरडीची मिळाली तर तीच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

गोव्यातले हिंदू हीच नेवरी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, करतात, सारणाचं प्रमाण घराघरात बदलतं इतकंच. तिथे वर्षात दोनदा एकाच आळीत नेवऱ्यांच्या बश्या फिरतात: चवथीला एका दिशेने, नाताळला उलट. ज्या घरात त्या वर्षी सुतक असतं तिथे गोड करत नाहीत, शेजारी नेऊन देतात. दिवाळीच्या फराळाचाही आपल्याकडे हाच रिवाज आहे.

कलकल म्हणजे गोव्यातले किडयो. मैदा, अंडं, नारळाचं दूध, थोडी साखर, थोडं तूप. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या फणीवर दाबून गुंडाळतात, त्यामुळे वळ उमटतात. ते वळ नुसते शोभेचे नाहीत, पाक त्यांतच धरतो. दगडासारखे कडक कलकल सर्रास मिळतात. मोहन कमी आणि कणीक जास्त मळलेली, ही त्याची कारणं. शंकरपाळ्याला जशी मोहनाने खुसखुस येते तशीच इथेही. उलगडलेले कलकल दिसले तर गोळ्यांना कोरडा मैदा लावलाय, म्हणून शिवण चिकटली नाही. वरची साखर पांढरी आणि कोरडी हवी. पाक कच्चा राहिला की ती ओलीच राहते. पॅकिंगची तारीख बघून घ्या. झाकण घट्ट असेल तर कलकल दोन-तीन आठवडे चांगले राहतात, डब्यातला सगळ्यात भरवशाचा जिन्नस हाच.

दोस हा चणाडाळ, ओला नारळ आणि साखर आटवून केलेला, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेला. डाळ बारीक वाटलेली हवी, जिभेला कण लागता कामा नये. वडीची कड कोरडी आणि आतला भाग जरा मऊ, ही योग्य अवस्था. पुरणपोळी आवडणाऱ्या माणसाला पहिल्याच घासाला हा पदार्थ आपला वाटतो. पेराद पेरूच्या गराची. गर आणि साखर जवळपास समप्रमाणात, वर लिंबू. भडक लाल असेल तर रंग घातलाय. खरी पेराद विटकरी किंवा तपकिरी-गुलाबी दिसते. फ्रीजमध्ये महिनाभर राहते, म्हणून परदेशी न्यायला हीच निवडा. बोलिन्हा आणि बाथ ही रवा-खोबऱ्याची बिस्किटं आणि केक. ठीक असतात, चहाबरोबर जास्त.

वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांतले फुगे मात्र कुणी डब्यात भरून विकत असेल तर घेऊ नका. नारळाच्या दुधात भिजवलेल्या, यीस्टने फुगवलेल्या मैद्याचे हे गोळे तळल्यावर तासाभरातच खायचे असतात, तेही झणझणीत रश्शाबरोबर. थंड झाले की त्यांचा पाव होतो.

शाकाहारी घरांसाठी महत्त्वाचं. दोदोल, दोस आणि पेराद यांत सहसा अंडं नसतं. बेबिंका, बोलिन्हा, बाथ यांत असतंच. नेवरीची पारी आणि कलकल घराघरानुसार बदलतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. मिश्र डब्यात हे सगळं एकमेकांना लागून असतं, हे सुटं घेण्याचं आणखी एक कारण.

ऑर्डर देताना 24 तारखेची उचल टाळा. त्या दिवशी प्रत्येक कढई दुप्पट चालते, बेबिंकाचे थर जाड होतात आणि दोदोल लवकर उतरतो. कोरडे पदार्थ 20 तारखेच्या आसपास घ्या. दोदोल आणि बेबिंका उचलीच्या आदल्या दिवशी केलेले घ्या, कारण दोन्ही एक रात्र मुरल्यावर जास्त चांगले लागतात. घाई नसेल तर नाताळनंतरच्या आठवड्यात जा. 6 जानेवारीला तीन राजांचा सण असतो, तोवर हे पदार्थ होत राहतात, गर्दी ओसरलेली असते आणि हात निवांत चालतात.

चार माणसांच्या घराला पाव किलो कलकल, आठ नेवऱ्या, पाव किलो दोदोल, तेवढाच दोस आणि बेबिंकाचे चार तुकडे पुरतात. ताट शेजारून आलं असेल तर मोजमापाचा प्रश्नच येत नाही. फक्त त्यांचा डबा रिकामा परत जाऊ देऊ नका. तीन राजांनंतर आठ-नऊ दिवसांनी संक्रांत येते, तेव्हा त्यात तिळाचे लाडू भरता येतात. लाडू कोरडे असतात, एका डब्यात कितीही मावतात.