जीपीएल की एलजीपीएल: लायब्ररी जोडण्याआधी

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात गुळाच्या अडत्यांसाठी प्रोग्रॅम बनतो. रवे, वजन, भाव टाकला की शेतकऱ्याची पट्टी छापून निघते. परवा एका पोरानं त्यात रीडलाइन ही लायब्ररी, म्हणजे टाइप केलेली ओळ वाचून घेणारा दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, जोडली, आणि मी त्याला थांबवलं.

रीडलाइन जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. हा परवाना काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते लायब्ररी स्टॅटिक (प्रोग्रॅमच्या फाइलीतच) जोडा नाहीतर डायनॅमिक (वेगळी ठेवून, चालवताना), प्रोग्रॅम आणि लायब्ररी मिळून एकच रचना होते. म्हणजे अडत्याला प्रोग्रॅम दिला की आमचा सोर्स, म्हणजे मूळ कोडही, जीपीएलखालीच द्यायचा. प्रोग्रॅम ऑफिसाबाहेर गेलाच नाही, तर हे बंधन नाही.

जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी, एलजीपीएल या जीपीएलपेक्षा सैल परवान्याखाली. १९९१ साली हा परवाना 'लायब्ररी' नावानं आला, १९९९ मध्ये 'लेसर' (इंग्रजीत 'कमी') झाला. इथं आपला कोड बंद ठेवता येतो. लायब्ररीत केलेले बदल मात्र तिच्यासोबत खुले द्यायचे. स्टॅटिक जोडलीत, तर गिऱ्हाइकाला बदललेली लायब्ररी पुन्हा जोडता यावी म्हणून निदान ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल केलेले, अजून न जोडलेले तुकडे) द्याव्या लागतात. हे कलम बरेच जण वाचतच नाहीत!

विकायच्या प्रोग्रॅमला मी एलजीपीएलची लायब्ररी घेईन, तीही डायनॅमिक. स्वतःची लायब्ररी खुली करताना मात्र जीपीएलच लावीन. आपल्या कष्टावर उभं राहिलेलं काम वापरणाऱ्याला उघडून बघता यावं, असं मला मनापासून वाटतं.