लॅटिन मुळातून की ग्रीस-रोम भाषांतरातून?

शाळेत लॅटिन घेतलं, तर कर्ता-कर्म शब्दाच्या जागेवरून नव्हे, प्रत्ययावरून ओळखावं लागतं. अंदाजपंचे चालत नाही. डोक्याला शिस्त लागते खरी, पण सुरुवातीचा बराच काळ रूपं घोकण्यात जातो.

भाषांतर थेट मुद्द्यावर नेतं. इ.स.पू. ४२७. बंडखोर मितिलीनी या ग्रीक शहरातले सगळे पुरुष मारायचं अथेन्सच्या सभेनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी फेरविचार, निसटत्या बहुमतानं निर्णय फिरला. कत्तलीचा हुकूम घेऊन एक जहाज आधीच निघालं होतं; तो थांबवायला मागून सुटलेल्या जहाजावरचे वल्हेकरी वल्ही न सोडता तेल-वाइनमध्ये कालवलेलं सातूचं पीठ खात पोचले, शहर वाचलं. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस दोन्ही बाजूंची भाषणं देतो. रागाच्या भरात झालेल्या मतदानाबद्दल १४ वर्षांच्या मुलांना याहून चांगलं काय वाचायला द्यायचं? वेळ कमी असेल तर मी बेधडक भाषांतर निवडेन. व्याकरणाची गोडी असलेल्यांनी मात्र लॅटिनला भिडावंच.