नकोसा संवाद आवरायला व्हॉट्सॲप कितपत कामाचं?

‘ऑनलाइन दिसत होतीस, मग उत्तर का नाही दिलंस?’ असा जाब विचारायची सोय व्हॉट्सॲपनेच करून दिली. तो जाब बंद करायची साधनंही त्यातच आहेत, पण सेटिंगमध्ये इतकी आत की बहुतेकजण थेट ब्लॉकवर उडी मारतात. ब्लॉक हे खरं तर सगळ्यात शेवटी दाबायचं बटण.

सुरुवात ‘लिंक्ड डिव्हाइसेस’पासून करावी. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं एका खात्याला जोडता येतात. कुणी तुमचा उघडा फोन घेऊन आपल्या लॅपटॉपवर कोड स्कॅन केला असेल, तर तुमची संभाषणं तिकडेही उमटत राहतात. यादीतल्या अनोळखी उपकरणावर दाबून लॉग आउट करा. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, जन्मतारीख सोडून. प्रायव्हसीत ‘लाइव्ह लोकेशन’ही पाहा. ते 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तासांनी आपोआप बंद होतं. ते रोज पुन्हा चालू करायचा हट्ट कुणी धरत असेल, तर त्याला पाळत म्हणतात, काळजीच्या नावाखाली चालली तरी.

लास्ट सीन एकाच व्यक्तीपासून लपवता येतं आणि ‘ऑनलाइन’ही त्याच्याशी जोडता येतं. बदल्यात तिचंही तुम्हाला दिसत नाही. हा सौदा फायद्याचाच. ब्लू टिक मात्र सगळ्यांसाठी चालू किंवा सगळ्यांसाठी बंद, आणि ग्रुपमध्ये बंद होतच नाही. ॲपची ही ठळक उणीव.

मुलांची शाळा, सामाईक कर्ज यांमुळे बोलणं तोडता येत नसेल, तर म्यूट (सूचना बंद) आणि अर्काइव्ह (चॅट मुख्य यादीतून बाजूला) ही जोडी सर्वोत्तम. म्यूट ‘कायम’वर ठेवा आणि ‘कीप चॅट्स अर्काइव्ह्ड’ चालू करा, नाहीतर नवा मेसेज आला की चॅट पुन्हा वर येतं. यातलं काहीच समोरच्याला कळत नाही. आधी एकदाच लिहा: ‘मुलांबद्दलचे मेसेज रोज संध्याकाळी पाहीन. बाकी विषयांवर इथे बोलणार नाही.’ खाली कारणं लिहू नका. दिलेल्या प्रत्येक कारणावर वाद घालता येतो, आणि उत्तर कधी द्यायचं हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

शिव्या किंवा धमक्या येत असतील तर ‘एक्सपोर्ट चॅट’ने संभाषण मजकुराच्या फाइलमध्ये काढा आणि समोरच्याला पासवर्ड माहीत नसलेल्या ठिकाणी ठेवा. दोघांच्या चॅटमध्ये डिसॲपिअरिंग मेसेजेस, म्हणजे ठरलेल्या वेळाने आपोआप पुसले जाणारे मेसेज, कुणीही चालू करू शकतं, अगदी 24 तासांवरही. तसं झालं तर एक्सपोर्टची वाट न पाहता लगेच स्क्रीनशॉट घ्या.

आता ब्लॉक. समोरच्याला एकच टिक दिसते, तुमचं लास्ट सीन आणि स्टेटस दिसत नाही. त्या काळात पाठवलेले मेसेज अनब्लॉक केल्यावरही येत नाहीत, हे उत्तम. ‘काय लिहिलं असेल’ म्हणून डोकावायचा मोहच उरत नाही. पण साधा फोन आणि एसएमएस चालूच राहतात, ते फोनच्या सेटिंगमधून वेगळे अडवावे लागतात. मारहाणीचा इतिहास असेल, तर अचानक झालेल्या ब्लॉकने राग भडकू शकतो. अशा वेळी आधी सुरक्षित जागा आणि विश्वासातलं माणूस, मग बटण. तोवर म्यूट.

सगळ्यात गळकी जागा म्हणजे नातेवाइकांचा ग्रुप. ब्लॉक केलेल्याचे मेसेज तिथे दिसतात, तुमचे त्यालाही दिसतात. 2022 पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, मात्र सोडून गेलेल्यांची यादी 60 दिवस कुणालाही पाहता येते. ॲडमिन आत्याच असतील आणि पुन्हा ओढून घेत असतील, तर प्रायव्हसीतल्या ‘ग्रुप्स’मध्ये ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ निवडून त्यांच्या नावावर खूण करा. मग त्यांना फक्त निमंत्रण पाठवता येतं, आणि ते 3 दिवसांत आपोआप बाद होतं.