पारदर्शक नळीने पंप वाचवला: ८ महिन्यांचा अनुभव

ट्रॅक्टर जुना, ३ सिलिंडरचा. सकाळी सेल मारून मारून बॅटरी बसायची. सुरू झालाच तर पांढरा धूर, आणि लोड आला की मध्येच दम टाकायचा. जो बघेल तो म्हणे, नोझलला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप गेला, खोला. खोलायच्या आधी मी टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) यांच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली. हा अनुभव त्या नळीचा.

इंजिन चालू केलं आणि नळीतून मोहरीएवढे बुडबुडे पळायला लागले. रेस वाढवली की नुसती माळच. बाहेर मात्र डिझेलचा थेंब नाही! ही ओढणारी बाजू, त्यामुळे फट असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकी भरलेली असताना त्रास कमी आणि अर्ध्यावर आली की जास्त, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

चोर निघाला टाकीकडच्या पोकळ बोल्टाखालचा तांब्याचा वायसर. दर वेळी तोच परत घातलेला, दाबून दाबून टणक झालेला. नवा टाकला, फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा काढायचा) सैल केला आणि फेस जाऊन सलग धार येईपर्यंत फीड पंपाचा दट्ट्या दाबत बसलो. पांढरा धूर बराच कमी झाला, लोडही घ्यायला लागला.

तरी स्लोवर एक मिसिंग राहिलंच, म्हणजे एक सिलिंडर नीट पेटत नव्हता. नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) पाइपांचे नट एकेक करून जरासे सैल केले (वर कापड टाकून, ती धार कातडीत घुसते, हात समोर नेऊ नका). चालू सिलिंडरचं डिझेल तोडलं की आवाज बदलतो, दुसऱ्या सिलिंडरला मात्र काही फरकच पडेना. दुसऱ्याचं नोझल तिसऱ्याला लावलं, तर मिसिंगही तिकडे गेलं. म्हणजे नोझलच. पंपाला अजून पाना लागलेला नाही.

आता नळीबद्दल वाईट. सहाव्या महिन्यात ती पिवळी पडून काडीसारखी कडक झाली आणि पुन्हा बुडबुडे दिसले. वायसर परत तपासला, तो ठीक. हवा येत होती नळीच्याच क्लिपमधून! कायमची ठेवायची वस्तू नाही ही. तिथे आता डिझेलचा जाड रबरी पाइप आहे, नव्या नळीचा एक तुकडा पान्यांच्या डब्यात.

सुरू होताना थोडा निळा धूर अजून येतो. तो ऑइलचा. रिंगा बघायच्या आहेत.