कायओएस: बॅटरी दणकट, बाकी सगळा कारभार दुसऱ्यांच्या मर्जीवर

हा रिव्ह्यू कुठल्या एका हँडसेटचा नाही, बटणांच्या फोरजी फोनमध्ये जी कायओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर असतं, तिचा आहे. जिओफोन, नोकियाचा तो केळ्यासारखा वाकडा ८११० फोरजी, आफ्रिकेत ऑरेंज या मोबाइल कंपनीचा सान्झा, सगळ्यांच्या आत हीच. आणि एवढ्या फोनांत असूनही अँड्रॉइडसमोर हिचा टिकाव का लागला नाही हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय, कारण वापरायला ही बिलकुल वाईट नाही हो.

आधी चांगलं सांगतो. बॅटरी! जिओफोनमध्ये २००० एमएएचची बॅटरी आणि २.४ इंची स्क्रीन, म्हणजे चार्जर घरी विसरलात तरी घाम फुटत नाही. कॉलचा आवाज खणखणीत, टॉर्च आहे, एफएम आहे, आणि हात ओले असोत की मातीचे, बटण दाबलं की दाबलं जातं. टच फोनवाल्यांनी पावसात शेतावर उभं राहून एक फोन उचलून दाखवावा मग बोलू.

मुळात ही आली फायरफॉक्समधून. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने फोनसाठी फायरफॉक्स ओएस काढली होती, २०१४ मध्ये आपल्याकडे इंटेक्सचा क्लाउड एफएक्स १९९९ रुपयांना आला होता बघा, टच स्क्रीनचा. तो काही चालला नाही, आणि २०१५ च्या शेवटी मोझिलाने फोनचा नादच सोडला. पण कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही घेऊन बदलता येईल असा होता, तो घेऊन कायवाल्यांनी टच काढून बटणांसाठी नीट बसवला. डोकं लावलं होतं त्यांनी, मानायला पाहिजे. जिथं अँड्रॉइड धापा टाकतं तिथं ही २५६ एमबी रॅमवर पण उभी राहते.

मग २०१७ मध्ये जिओफोन आला, १५०० रुपये डिपॉझिट, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी स्टोरेज, आणि खेडोपाडी नुसता पाऊस पडला या फोनचा. २०१८ च्या जूनमध्ये गूगलने कायओएसच्या कंपनीत २.२ कोटी डॉलर घातले, सप्टेंबरमध्ये जिओफोनवर व्हॉट्सॲप आलं, आणि त्याच वर्षी वेब ट्रॅफिकच्या हिशोबात भारतात हिने आयफोनला मागं टाकल्याच्या बातम्या होत्या. आयफोनला! तेव्हा कुणाला वाटलं असतं की ही गाडी पुढे अडकणार म्हणून.

माझ्या मते घोळ तिथंच होता. कायओएस म्हणजे भाड्याच्या गाळ्यातलं दुकान. भारतात गाळा जिओचा, गिऱ्हाईक येणार ते व्हॉट्सॲपसाठी आणि यूट्यूबसाठी, दुकानदाराचं स्वतःचं असं काय तर पाटी. कोणी दुकानात जाऊन 'कायओएसवाला फोन द्या' असं म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही, लोकांनी जिओफोन घेतला. त्यामुळे २०२१ च्या दिवाळीत जिओने जिओफोन नेक्स्ट काढला ६४९९ रुपयांना आणि त्यात अँड्रॉइडवरची प्रगती ओएस टाकली, तेव्हा गिऱ्हाइकाला काही फरकच पडला नाही. २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओभारत आला, तोही बटणांचा, त्यात यूपीआय पण, आणि त्यातही कायओएस नाही. वरून अँड्रॉइडने दाबलं आणि खालून ज्याच्या जिवावर मोठी झाली त्यानेच.

किंमतीचं पण बघा ना. २०१९ च्या मार्चमध्ये रेडमी गो ४४९९ ला आला, पूर्ण टच अँड्रॉइड. त्याच्या आधी काही महिने नोकिया ८११० आपल्याकडे ५९९९ ला आला होता. आता सांगा, दीड हजार जास्त देऊन कोण बटणं दाबत बसेल? हौसेने घेणारे सोडा. म्हणजे स्वस्तात स्वस्त असली तरच हिला अर्थ आहे, आणि स्वस्तात स्वस्त फोन घेणाऱ्याकडून ॲपवाल्यांना कमाई शून्य, म्हणून ॲप येत नाहीत, ॲप नाहीत म्हणून माणूस थोडे पैसे जमले की टच घेऊन मोकळा होतो. हे रहाटगाडगं काही थांबत नाही.

बरं ॲप बनवणं अवघड होतं का, तर वरवर नाही, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट येत असेल तर झालं. पण स्क्रीन २४० बाय ३२०, बोटाने सरकवणं नाही, सगळं वर-खाली-डावी-उजवी आणि मधलं ओके बटण, म्हणजे डिझाइन मुळापासून वेगळं करा. त्यात भारतातल्या बहुतेक फोनांत ब्राउझरचं इंजिन २०१६ च्या जमान्यातलं, गेको ४८. नवीन वेबसाइट त्यात धड उघडत नाहीत. कायओएस ३ मध्ये इंजिन नवं दिलं, पण जुन्या फोनांना ती मिळालीच नाही, आणि अमेरिकेत ३ वाले जे फ्लिप फोन विकले गेले त्यांच्यावर व्हॉट्सॲप आलं नाही. नवी आवृत्ती घ्यावी तर मुख्य ॲप गायब, असा कारभार.

मराठी टायपिंगबद्दल बोलायलाच पाहिजे. मराठी आहे, मेनू पण मराठीत होतो, त्याबद्दल पूर्ण मार्क. पण एका बटणावर क ख ग घ, 'घ' पाहिजे तर टकटकटकटक, एक टक जास्त झाली की भलतंच अक्षर, परत खोडा. जोडाक्षर आलं की पाय मोडायला हलंत शोधा. 'ज्ञानेश्वर' लिहून बघा एकदा, बसस्टॉपवर बसून लिहायला घेतलं तर एसटी निघून जाईल. आमच्या शेजारच्या काकूंनी यावर त्यांच्यापुरता इलाज काढला होता, डेअरीच्या ग्रुपवर त्या कधी टाइपच करत नसत, सरळ माइकचं बटण दाबून बोलायच्या, 'आज सकाळचं दूध कमी हाय, गाय आजारी हाय'. सगळ्या ग्रुपला त्यांचा आवाज पाठ. म्हणजे लिहिणं येत नसलेल्या किंवा कंटाळा असलेल्या माणसालाही या फोनने ग्रुपमध्ये बसवलं, ही मोठी गोष्ट होती, इंग्रजी रिव्ह्यूवाल्यांना ती कधी दिसली नाही कारण ते कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजत बसले.

आणि मग व्हॉट्सॲपनेच अंग काढून घेतलं. २५ जून २०२४ पासून कायस्टोअरवरून, म्हणजे कायओएसच्या ॲपच्या दुकानातून, नवीन डाउनलोड बंद, ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांचं २०२५ च्या सुरुवातीपर्यंत चालेल असं कळवलं. काकू आता नातवाच्या टच फोनवरून मेसेज पाठवतात, तेही तो घरी असेल तेव्हा. फोन तसाच ठणठणीत आहे, बॅटरी अजून टिकते, पण ज्या कामासाठी घेतला तेच गेलं.

यूपीआयचं तर बोलूच नका. फोनपे नाही, गूगल पे नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे चालू केलं, कॉल करून, मिस्ड कॉल देऊन पैसे पाठवायचं, पण त्याला कायओएस लागतच नाही, कुठलाही साधा फोन चालतो. म्हणजे जे तिने करायला पाहिजे होतं ते तिच्याशिवाय झालं. भाजीवाल्याकडे क्यूआर लावलेला असताना ज्या फोनने तो स्कॅन होत नाही तो फोन माणूस किती दिवस खिशात ठेवणार?

आता घ्यायचा का? नुसतं बोलायला आणि रेडिओ ऐकायला पाहिजे असेल तर चालेल, पण मग स्वस्तातला कुठलाही बटणांचा फोरजी फोन तेच करतो, कायओएससाठी वेगळे पैसे देऊ नका. व्हॉट्सॲपसाठी घेत असाल तर अजिबात नको, कुणी काहीही सांगू दे. जुना जिओफोन कुणी फुकट देत असेल तर घ्या, फक्त त्यात जिओचंच सिम चालतं हे लक्षात ठेवा, दुसरं सिम टाकून फोन बिघडलाय समजून दुरुस्तीला पैसे घालवू नका. मार्क द्यायचेच तर पाचपैकी दोन, त्यातला दीड बॅटरीचा.