कोंबड्या पाळू देणारे भाड्याचे घर : अकरा महिन्यांच्या वास्तव्यानंतरचा अनुभव

या घरात राहायला येऊन आम्हाला अकरा महिने झाले. आम्ही दोघे आणि पाच कोंबड्या, असा आमचा संसार आहे. घर शोधताना मी एका वहीत निकष लिहून ठेवले होते. त्यांतले निम्मे पुढे निरुपयोगी ठरले आणि जे लिहायचे सुचलेच नाही त्यांनी नाकी नऊ आणले. ज्यांना कोंबड्यांसह राहता येईल असे घर हवे आहे, त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

घर बैठे आहे आणि मागे साधारण नऊ मीटर लांब व सहा मीटर रुंद अंगण आहे. तीन बाजूंना छातीइतकी भिंत, एका कोपऱ्यात मोठे झाड आणि भिंतीपलीकडे शेजारच्या घराची खिडकी आहे. यापैकी खिडकीकडे मी घर पाहताना लक्षच दिले नव्हते.

आधी परवानगीबद्दल. जाहिरातीत ‘पाळीव प्राणी चालतील’ असे लिहिलेले असते तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुत्रा किंवा मांजर असते, कोंबडी नसते. बऱ्याच ठिकाणच्या नियमांत कोंबडी पाळीव प्राण्यांत नव्हे, तर पशुधनात मोडते, त्यामुळे त्या वाक्याचा आपल्याला काडीचाही उपयोग होत नाही. प्रत्यक्षात तीन कुलपे उघडावी लागतात : स्थानिक प्रशासनाचे नियम, वसाहतीचे किंवा सोसायटीचे नियम आणि घरमालकाशी होणारा करार. तिन्हींपैकी जो सर्वांत कडक असेल तोच शेवटी लागू होतो. प्रशासनाचे नियम बहुधा संख्या, कोंबड्यावर बंदी आणि शेजारच्या घरापासून खुराड्याचे अंतर या गोष्टींबद्दल बोलतात. काही देशांत तर एकच कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. मी हा क्रम उलटा धरला. पहिल्या एका घराचे मालक आनंदाने तयार झाले, सामान बांधायला घेतले, आणि मग वसाहतीच्या नियमावलीत ‘पक्षी व पशुधन ठेवता येणार नाही’ अशी ओळ सापडली. दोन आठवडे फुकट गेले. दुसऱ्या ठिकाणी दलाल पुनःपुन्हा सांगत होता की, ‘आजवर कोणी तक्रार केलेली नाही.’ कोणी तक्रार न करणे ही परवानगी नव्हे. पहिली तक्रार होईपर्यंतची ती सवलत असते, आणि तेवढ्या भरवशावर जिवंत प्राणी घेऊन कोठे राहायला जाऊ नये.

सध्याच्या घरमालकांनी मात्र प्रश्न विचारले, आणि हेच मला चांगले लक्षण वाटले. त्यांची मुख्य शंका अशी होती की, कोंबडा नसेल तर कोंबड्या अंडी कशा देणार? कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत, हे कळल्यावर त्यांचा निम्मा विरोध मावळला, कारण त्यांना खरी भीती आरवण्याची होती. करारात शेवटी असे आले : जास्तीत जास्त सहा माद्या, कोंबडा नाही, खुराडे जमिनीत पक्के न रोवता हलवता येईल असे असावे, घर सोडताना अंगण पूर्ववत करून द्यावे, आणि तक्रार आल्यास ती दूर करण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मिळावी. शेवटचे कलम मी आग्रहाने घालून घेतले. तेव्हा घरमालक हसले होते. त्या पंधरा दिवसांनी पुढे मला दोनदा वाचवले.

पहिला प्रसंग कोंबड्याचाच. साधारण आठ आठवड्यांच्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, मी आणल्या. विकणाऱ्याने सगळ्या माद्या असल्याची खात्री दिली होती. त्यांतल्या एकीचा तुरा इतरांच्या आधी लालभडक झाला, पाय जाड दिसू लागले, आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार, चकाकती पिसे फुटली. मादीची तेथली पिसे गोलसर टोकाची असतात, हे मला माहीत होते. तरीही मी महिनाभर स्वतःची समजूत घालत राहिले. मग एका पहाटे गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला, थोडा थांबला, आणि पुन्हा आला. उजाडेपर्यंत त्याला आरवण्याचा सूर गवसला होता.

कोणी सुचवले की रात्री त्याला काळोख्या खोक्यात ठेवा, म्हणजे पहाट कळणार नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोंबडे झाकले म्हणून आरवायचेही राहत नाही, हा अनुभव मी चार पहाटे घेतला. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले आहे की, सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही साधारण चोवीस तासांच्या लयीत आरवतात, म्हणजे पहाट त्यांना बाहेरून कळावी लागत नाही, ती अंगातल्या घड्याळातच असते. खोक्यामुळे आवाज थोडा दबला, आरवणे थांबले नाही. तक्रार आल्यापासून अकराव्या दिवशी तो एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेला आणि मुदत चार दिवस शिल्लक राहिली. तेव्हापासून मी सर्वांना सांगते की, करारात कोंबड्याला बंदी असेल तर लहान तलंगा घेऊ नका, अंड्यावर आलेल्या किंवा येण्याच्या बेतात असलेल्या माद्याच घ्या. थोडा वेळ वाचवण्यासाठी नव्हे, तर घर टिकवण्यासाठी.

तो गेल्यावर उरलेल्या पाचजणींत पंधरवडाभर मानपानाचे युद्ध चालले. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डेरूप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांतील ही चोच मारण्याची उतरंड नोंदवून ठेवली, ती खाद्याच्या भांड्यापाशी स्पष्ट दिसते. दुसरे भांडे अंगणाच्या विरुद्ध टोकाला ठेवले तेव्हा सर्वांत खालच्या पायरीवरची कोंबडी पोटभर खाऊ लागली. जागेचा हिशेब करताना हेच लक्षात ठेवावे. खुराड्यात दर कोंबडीमागे साधारण ०.४ चौरस मीटर आणि बाहेर निदान एक चौरस मीटर धरतात, रात्री बसायच्या दांडीवर प्रत्येकीला वीस-पंचवीस सेंटिमीटर लागतात. पण दबलेल्या कोंबडीला नजरेआड होता येईल असा आडोसा नसेल तर ही मापे कागदावरच राहतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. परवानगीपेक्षा मोठा प्रश्न पाण्याचा निघाला. मी घर पाहिले ते कोरड्या दिवसांत. सावली हवी म्हणून खुराडे झाडाखालच्या कोपऱ्यात ठेवले. कोंबडीला घाम येत नाही, तापमान तिशीपलीकडे गेले की ती चोच उघडून धापा टाकू लागते, त्यामुळे सावलीचा निकष चुकीचा नव्हता. पण संपूर्ण अंगणाचा उतार त्याच कोपऱ्याकडे होता. भिंतीवर वीतभर उंचीची एक तपकिरी रेघ होती. ती मी पाहिलीही होती आणि जुना रंग उडाला असेल म्हणून सोडून दिली होती. सलग तीन दिवस पाऊस लागला तेव्हा पाणी बरोबर त्या रेघेपर्यंत चढले.

एक कोंबडी दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम शीट टाकते, म्हणजे पाचजणींची निदान अर्धा किलो. ती कोरडी राहिली तर नाकाला फारशी जाणवत नाही. ओली झाली की तिच्यातील युरिक आम्लाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, आणि मग डोळे चुरचुरतात. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू फाटकाशी आल्या. वासाचा शब्दही न काढता त्या म्हणाल्या, ‘आज खिडकी उघडताच आली नाही गं.’ मला त्या वाक्याची जितकी लाज वाटली तितकी कोणत्याही नोटिशीची वाटली नसती. पुढे त्यांनी घरमालकांनाही कळवले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

पंधरा दिवसांची मुदत दुसऱ्यांदा कामाला आली. खुराडे हलवता येण्याजोगे होते म्हणून ते उताराच्या वरच्या टोकाला, खिडकीपासून दूर नेले. खालची जमीन वीतभर भर घालून उंच केली. छपराला पन्हळ लावून पाणी लांब सोडले. आणि खुराड्याबाहेरच्या, कोंबड्यांच्या फिरण्याच्या जागेवर लाकडाच्या जाड ढलप्यांचा दहा-बारा सेंटिमीटर थर दिला. आत भुसा असतो आणि तो ओला दिसला की त्याच दिवशी बदलते. सावलीसाठी वर कापड ताणले. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, वास आला नाही. काकूंना अधूनमधून अंडी देते. मात्र अंड्यांनी तक्रार मिटते असे कोणी समजू नये. तक्रार खुराडे हलवल्यामुळे मिटली, अंडी फक्त बोलणे सुरू ठेवतात.

म्हणून घर पाहायला जाल तेव्हा शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. ते जमणार नसेल तर अंगणात दोन बादल्या पाणी ओतून ते कोठे जाते आणि किती वेळ साचते ते पाहा. घरमालकाला हे विचित्र वाटेल, वाटू द्या. भिंतीवरच्या रेघा आणि शेवाळ नीट वाचा, आणि अंगणात उभे राहून कोणाकोणाच्या खिडक्या दिसतात ते मोजा. अंडे घातल्यावर कोंबडी जो गलका करते तो फार मोठा नसतो, पण दुपारी झोपणाऱ्या माणसाच्या उशाशी तोही पुष्कळ होतो.

आणखी एक सापळा सांगायला हवा. दुसऱ्या एका घराबरोबर आयते खुराडे मिळत होते आणि मी हुरळून गेले होते. रात्री टॉर्च घेऊन पुन्हा गेले, तर दांडीच्या फटींतून लाल माइट बाहेर पडत होते. हे टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान जीव दिवसा फटींत दडून रात्री कोंबड्यांचे रक्त पितात आणि उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतात. रिकामे खुराडे स्वच्छ असते असे नाही.

मांजरे, कुत्री आणि घुशी यांच्याबद्दल थोडक्यात : षट्कोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. बारा मिलिमीटर चौकोनांची वेल्डेड जाळी घ्यावी. करारामुळे मला खणता येत नव्हते, म्हणून तीच जाळी कडेने चाळीस सेंटिमीटर जमिनीवर आडवी अंथरली. खणू पाहणारा प्राणी भिंतीलगत उकरू लागतो आणि जाळीवरच अडतो. खाद्य रात्री उचलून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, त्यामुळे उंदीर फिरकलेले नाहीत.

अंडी बाविसाव्या आठवड्यापासून सुरू झाली. भर दिवसांत पाचजणी मिळून रोज चार देत. दिवस लहान होऊन पिसे गळू लागली तेव्हा एक-दोनवर आले, आता पुन्हा तीन मिळतात. एक कोंबडी दोनदा खुडूक बसली. गावाला जाताना संध्याकाळी दार लावणारा माणूस शोधणे हा मात्र कायमचा व्याप आहे, आणि आपोआप मिटणाऱ्या दाराने तो अर्धाच सुटतो, कारण एखादी कोंबडी बाहेर राहिली की नाही हे दाराला कळत नाही.

पुढच्या महिन्यात करार नव्याने करायचा आहे. घरमालक कोंबड्यांचे कलम जसेच्या तसे ठेवायला तयार आहेत. मी एकच ओळ वाढवायला सांगितली आहे : भिंतीबाहेरची तुंबणारी नाली पावसाआधी साफ करून घेण्याची जबाबदारी मालकांची राहील. त्यावर त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.